रिकाम्या पाण्याची चव

पाण्याला चव नसते, असं मी तेवीस वर्षं मुलांना शिकवत आलो. रंग नसतो, वास नसतो, चव नसते. मी फळ्यावर तीन ओळी लिहायच्या, मुलांनी त्या वहीत उतरवायच्या, परीक्षेत तीन गुण मिळवायचे आणि घरी जाऊन पाणी प्यायचं. ह्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही. वाटलं ते फक्त माझ्या ताईला. ती म्हणायची, "मास्तर, तुझ्या जिभेला काही झालंय का?"

मला मास्तर म्हणणारी ती जगात एकटीच. बाकी सगळे सर म्हणतात, आणि मला ते आवडतं, हे आधीच कबूल करून टाकतो.

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. शिक्षण दहावी. आई अंथरुणाला खिळली तेव्हा घरी कुणीतरी थांबायला हवं होतं, आणि ते कुणीतरी म्हणजे ताई, हे न बोलता ठरून गेलं. मी कॉलेजात गेलो, विज्ञानाची पदवी आणली, चौकटीत घालून भिंतीवर टांगली. टांगली म्हणजे ताईने टांगली. खिळा मारताना मी दोनदा बोट ठेचून घेतलं होतं, म्हणून तिने माझ्या हातातून हातोडी काढून घेतली. ती पदवी आजही तसूभर वाकडी नाही.

पुढे तिचं लग्न झालं, मुलं शाळेत जायला लागली, तेव्हा ताईने नोकरी धरली. घरगुती पाणी शुद्ध करायची यंत्रं, ज्यांना सगळे सरसकट फिल्टर म्हणतात, ती विकणाऱ्या एका कंपनीत तक्रारींचा फोन घ्यायला ती बसायची. अकरा वर्षं. दिवसभर लोक फोनवर ओरडायचे आणि ताई शांतपणे म्हणायची, "फोन जरा यंत्राजवळ धरा बघू." पंपाच्या आवाजावरून तिला रोग कळायचा. "कोरडा चाललाय. ओट्याखालची तोटी बंद असेल, बघा." निम्म्या तक्रारी तिथल्या तिथे मिटायच्या. उरलेल्या निम्म्यांसाठी मेकॅनिक जायचा, ताईने सांगितलेला भाग बदलायचा आणि शाबासकी घेऊन यायचा.

एकदा तिने साहेबांना विचारलं, मलाच का नाही पाठवत? साहेब हसले. म्हणाले, "अहो, लोकांच्या ओट्याखाली वाकून पाना फिरवायचं काम आहे ते."

"मग घरी मी काय ओट्यावर बसून असते?" ताई म्हणाली.

साहेबांना हे कळायला वेळ लागला असेल. तोवर ताईने नोकरी सोडली होती. चव्वेचाळिसाव्या वर्षी तिने एक जाड कापडाची बॅग घेतली, दोन पाने, एक ड्रिल, पांढऱ्या टेपची रिळं घेतली आणि स्वतःच्या नावावर घरोघरी फिल्टर बसवायला सुरुवात केली. भावजी बस चालवतात, बोलणं कमी. ते एवढंच म्हणाले की बॅगेचा पट्टा रुंद घे, खांदा दुखणार नाही. आणि मी, तिचा सख्खा, शिकलेला भाऊ काय म्हणालो? म्हणालो, "ह्या वयात हात दाखवून अवलक्षण कशाला?" लिहितानाही माझी मलाच लाज वाटते, पण म्हणालो खरा.

तिच्या कामाची एक रीत आहे. भिंतीला भोक पाडण्याआधी ती एका जुन्या पाकिटाचा खिसा करून भोकाच्या खाली चिकटवते, म्हणजे सगळी माती त्या खिशात पडते आणि घरच्यांना झाडू हातात घ्यावा लागत नाही. फिल्टरमधून जे खारं पाणी बाहेर पडतं ते मोरीत सोडून देत नाही, त्याची नळी बादलीत सोडते आणि बजावून सांगते, फरशी ह्यानेच पुसायची. आणि सगळं जोडून झालं की पहिला पेला ती स्वतः पिते. घरच्यांच्या समोर, उभ्याने, डोळे मिटून. मग एक तर म्हणते "बरंय", नाही तर म्हणते "थांबा जरा". थांबा जरा म्हणाली की यंत्र पुन्हा उघडलं जातं. बरंय म्हणाली की बॅगेतून एक गोल स्टिकर निघतो आणि यंत्राच्या कपाळावर बसतो. त्यावर छापलेलं असतं ‘पाणीवाली ताई’, आणि खाली फोन नंबर.

पाण्यात किती क्षार विरघळलेत ते मोजायचं एक मीटर असतं, पेनाएवढं. पाण्यात बुडवलं की आकडा दाखवतं. आकडा मोठा, तर पाणी जड. आकडा लहान, तर पाणी हलकं. ताईला ते मीटर लागतं ते गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. तिची स्वतःची जीभच मीटर आहे, असं ती म्हणायची. मी विज्ञानाचा माणूस, मी कसा ऐकून घेईन? मी पाच ठिकाणचं पाणी पाच बाटल्यांत भरून आणलं, पाच पेले मांडले आणि तिचं मीटर माझ्या खिशात ठेवलं. ताईने एकेक घोट घेतला. पहिल्या चारांचे आकडे वीसच्या फरकात बरोबर आले. तिसऱ्याला ती तीनशे दहा म्हणाली आणि मीटरने तीनशे अठरा दाखवलं, तर शांतपणे म्हणाली, "मीटर चुकतंय." पाचवा पेला तिने परत ठेवला. "हे तू उकळून आणलंयस, मास्तर. लबाडी करू नकोस." मी उकळूनच आणलं होतं. तरीही मी सगळ्यांना सांगितलं की हा योगायोग आहे. आम्ही मास्तर लोक असे सहजासहजी नापास होत नाही.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

आमच्या शाळेच्या रस्त्यावर लहान मुलांच्या दातांच्या डॉक्टर आहेत. शेजारधर्म म्हणून माझ्यासारख्या थोराड मुलांचेही दात बघतात. मी किडलेली दाढ काढून घ्यायला गेलो होतो. तोंड उघडं असलेल्या माणसाला प्रश्न विचारायची ह्या लोकांना काय हौस असते कोण जाणे. माझ्या तोंडात आरसा, कापूस आणि एक नळी घालून त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही विज्ञान शिकवता ना? बोअरच्या पाण्यात मासे का जगत नाहीत हो?"

त्यांच्या बाहेरच्या खोलीत चार फुटांची काचेची टाकी होती. मुलं नाक काचेला लावून मासे बघत बसायची आणि आतल्या मशीनचा आवाज विसरायची. पण बोअरचं पाणी इतकं जड होतं की काचेवर पांढरा थर चढायचा आणि मासे टिकायचे नाहीत. त्यातच डॉक्टरांना शिकवणाऱ्या त्यांच्या जुन्या सरांनी, लांबच्या गावी मुलाकडे कायमचं राहायला जाताना, स्वतःची जपलेली जोडी त्यांच्या हवाली केली होती. बशीएवढे गोल, चपटे, अंगावर निळ्या रेघा असलेले दोन मासे. सर सांगून गेले होते, ह्यांना हलकं पाणी लागतं, फिल्टरचं पाणी दे. तीन आठवड्यांत ती जोडी काळवंडली होती, खाणं सोडून टाकीच्या मागच्या कोपऱ्यात उभी राहायची. डॉक्टरांनी तीन मेकॅनिक बोलावले. तिघेही हसून गेले. त्यातला एक, ताईच्या जुन्या कंपनीचा, म्हणाला होता, "माशांना फिल्टर? उद्या कुत्र्याला ब्रश मागाल."

तोंडातला कापूस निघाल्या निघाल्या मी ताईचं नाव सांगितलं.

ताईने हे काम किती मनावर घेतलं ते मला दिसत होतं. आजवर तिचा स्टिकर लोकांच्या स्वयंपाकघरात लागला होता, जिथे घरची चार माणसं तो बघणार. इथे दिवसाला पन्नास माणसं येऊन बसणार होती. शिवाय तिच्या जुन्या साहेबांची नात दातांना तारा लावायला तिथेच यायची. त्या दिवशी ताईने बॅग धुवून वाळत घातली होती.

रविवारी दवाखाना बंद. डॉक्टरांनी दार उघडून दिलं. मलाही सुट्टी, म्हणून मी तज्ज्ञ म्हणून सोबत गेलो. तज्ज्ञाचं काम खुर्चीवर बसून उंटावरून शेळ्या हाकण्याचं असतं, ते मी चोख केलं. ताईने टाकीच्या मागच्या, बाहेर बसलेल्यांना सरळ दिसणाऱ्या छोट्या खोलीत बेसिनखाली नळाला जोड दिला, पाकिटाचा खिसा लावून चार भोकं पाडली, यंत्र टांगलं, नळ्या जोडल्या. भिंतीवर एक बोट उमटलं नाही. सुरुवातीचं पाणी दोन तास वाहू दिलं, कारण नव्या यंत्राचं पहिलं पाणी वापरायचं नसतं.

यंत्रात एक बारीक स्क्रू असतो. तो उघडा ठेवला की गाळलेलं, पण क्षार न काढलेलं थोडं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतं. माणसांच्या पिण्याच्या पाण्याला त्यानेच चव येते. ताईने विचारलं, "मास्तर, हा किती ठेवू?"

"पूर्ण बंद कर," मी म्हणालो. "माशांना शुद्ध पाणी पाहिजे ना? मग शंभर टक्के शुद्ध दे."

तिने स्क्रू बंद केला. मीटर बुडवलं. बोअरचं पाणी आठशे साठ होतं, हे आठ. डॉक्टर दारात उभ्या होत्या, त्यांनी टाळीच वाजवली. मग ताईने रीतीप्रमाणे पेला भरला, डोळे मिटले, घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"रिकामं लागतंय रे हे."

"रिकामं म्हणजे?"

"म्हणजे पाणी प्यायल्यासारखंच वाटत नाही. जीभ धुतल्यासारखी होते. थांबा जरा."

आणि मी, पदवी घेतलेला माणूस, खुर्चीवरून उठलो आणि तिला तीन ओळी ऐकवल्या. रंग नाही, वास नाही, चव नाही. "शुद्ध म्हणजे हेच, ताई. तुझ्या जिभेला क्षारांची सवय झालीय. मासे काय जिभेने पितात?"

ताईने स्टिकर हातात धरला होता. ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू शिकलेला आहेस. नक्की ना?"

"नक्की," मी म्हणालो.

तिने स्टिकर लावला. संध्याकाळपर्यंत पिंपभर पाणी जमलं. डॉक्टरांनी ते कोमट केलं, आणि आम्ही तिघांनी मिळून टाकीतलं चारातले तीन भाग जुनं पाणी काढून हे नवं पाणी भरलं. टाकी अशी लख्ख दिसत होती की मी घरी जाताना दोनदा मागे वळून पाहिलं.

सोमवारी सकाळी सातला ताईचा फोन आला. "मास्तर, दवाखान्यात ये." एवढंच.

दोन्ही मासे तळाशी आडवे पडले होते. कल्ले भराभर हलत होते, बाकी हालचाल नाही. डॉक्टर टाकीजवळ उभ्या होत्या, त्यांचे डोळे लाल झाले होते. त्या म्हणाल्या, "सरांना काय सांगू मी?" माझ्या तोंडचं पाणी पळालं.

ताई मागच्या खोलीत गेली आणि नखाने यंत्रावरचा स्टिकर सोलून काढला. मग बाहेर येऊन म्हणाली, "डॉक्टर, चूक माझी आहे. तुम्ही म्हणाल ते ऐकून घेईन, पण आधी मला ह्यांच्याकडे बघू द्या."

तिने माझ्याकडे पाहिलंही नाही. नक्की म्हणणारा मी तिथेच उभा होतो. ज्या बाईसमोर चार दिवसांपूर्वी मी अर्धा तास तोंड वासून बसलो होतो, तिच्यासमोर आता माझं तोंड उघडेना.

ताई टाकीसमोर मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. तिने नाक काचेला लावून दोघांचे कल्ले बघितले. मग तिने बॅगेच्या तळातून एक जुनी पितळी तोटी काढली. ती तोटी मी आधी पाहिली होती. गिऱ्हाइकांना दाखवायला ती जवळ ठेवायची. एका घरात कुणीतरी फिल्टरच्या पुढे प्लॅस्टिकऐवजी पितळेची तोटी लावली होती आणि वर्षभरात ती आतून खाल्ली गेली होती. बोट आत घातलं तर खरखरीत लागायची.

"हे बघा, डॉक्टर," ताई म्हणाली. "साध्या पाण्याने ही तोटी वीस वर्षं चालते. रिकाम्या पाण्याने वर्षात खाल्ली. ह्या पाण्यातलं सगळं आपण काढून घेतलं ना, म्हणून ते भुकेलं असतं. मिळेल तिथून घेतं. तोटीतून मिळालं तर तोटीतून, माशाच्या अंगातून मिळालं तर अंगातून. आणि वर आपण एका दमात बदललं. हळूहळू तरी बदलायचं होतं."

मी तिथे उभा राहून ऐकत होतो आणि मला मनुका आठवत होत्या. दरवर्षी मी वर्गात मनुका साध्या पाण्यात टाकतो, त्या टम्म फुगतात, आणि मी मुलांना समजावून सांगतो की पाणी आत कसं शिरतं. सबंध धडा आहे त्यावर. तेवीस वर्षं शिकवलेला तो धडा रविवारी माझ्या डोक्यातून साफ गेला होता, आणि ताईने मात्र तो एका झिजलेल्या तोटीवरून वाचला. पढतमूर्ख हा शब्द कुणासाठी केला असेल, ते मला त्या सकाळी समजलं.

मग ताई कामाला लागली. टाकीशेजारच्या कपाटावर तिने बोअरच्या पाण्याची बादली ठेवली. बारीक नळीचं एक टोक बादलीत, दुसरं टाकीवर. नळीला मधे एक सैल गाठ मारली आणि ती गाठ आवळत, सोडवत बसली. शेवटी एका सेकंदाला दोन थेंब पडायला लागले, तेव्हा तिने हात काढला. टाकीतलं जादा पाणी ती मगाने काढत होती. दर अर्ध्या तासाने मीटर बुडवायचं, आकडा एका कागदावर लिहायचा, माशांचे कल्ले मोजायचे. दवाखाना सुरू झाला तरी ती त्या बुटक्या खुर्चीवरून उठली नाही.

मुलं यायला लागली. एका चिमुरडीने विचारलं, "मासे झोपलेत का?"

"आजारी आहेत ग," ताई म्हणाली. "सलाईन लावलंय त्यांना. हळू बोला हं."

त्या दिवशी त्या खोलीत सगळी मुलं कुजबुजत बोलत होती. आतून रडत आलेला एक मुलगा बाहेर येताच आपोआप गप्प झाला.

मी शाळेला जायला निघालो, तेव्हा दारात एका मुलाच्या आईने मला ओळखलं. टाकीकडे बोट दाखवून म्हणाली, "सर, त्या बाई कोण? तुमच्या ओळखीच्या आहेत का?"

"हो, ओळखीच्या आहेत," मी म्हणालो आणि बाहेर पडलो. ताई चार फुटांवर होती. तिच्या कानांना पंपाचा कोरडा आवाज फोनवरून ऐकू येतो, तिला हे ऐकू आलं नसेल असं मी स्वतःला सांगत राहिलो.

योगायोग बघा, त्या दिवशी सहावीला पाण्याचाच धडा होता. मी फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि खडू तसाच हातात धरून उभा राहिलो. पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, चव राहिली." मी म्हणालो, ती उद्या.

दुपारी परत गेलो तेव्हा मादी, म्हणजे दोघांतली लहान, सरळ झाली होती. संध्याकाळी दवाखाना बंद व्हायच्या सुमाराला नरही उठला. कलला, पुन्हा सावरला, आणि ताईच्या बोटासमोर काचेशी येऊन थांबला. ताई त्याला म्हणाली, "माफ कर बाबा." सकाळी चुकीची कबुली देतानाही तिचा आवाज हलला नव्हता, तो तेव्हा हलला.

मंगळवारी ती पुन्हा दिवसभर तिथे होती. त्यानंतर पाच आठवडे एक दिवसाआड जायची. पाणी पुन्हा हलकं करायचंच होतं, पण आता इतकं सावकाश की माशांना कळू नये. आज वीस आकडे खाली, परवा आणखी वीस. यंत्राचा तो स्क्रू ती केसाएवढा फिरवायची, मग पेला भरून चव घ्यायची. डॉक्टरांनी दुसऱ्या कुणाला बोलावलं नाही की काही विचारलं नाही. स्टिकर लावा असं मात्र त्या एकदा म्हणाल्या. ताई म्हणाली, "ह्यांनी सांगितल्याशिवाय नाही लावणार," आणि माशांकडे बोट दाखवलं.

ह्या सगळ्या काळात ताई मला त्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती घरी यायची, चहा प्यायची, माझ्या बायकोशी गप्पा मारायची आणि जाताना म्हणायची, "मास्तर, नळाचा वायसर गेलाय तुझा, उद्या घेऊन येते." चोराच्या मनात चांदणं, मला प्रत्येक वायसरमध्ये टोमणा दिसायचा. टोमणा नव्हताच. तिने ती चूक खरोखरच स्वतःच्या खात्यावर घेऊन टाकली होती, जसं आईचं आजारपण घेतलं होतं.

चार महिन्यांनी, शनिवारी दुपारी, डॉक्टरांचा फोन आला. दोघांनीही या, म्हणाल्या.

बाहेरच्या खोलीत मुलांची आणि आयांची टाकीभोवती गर्दी होती. ती जोडी आता ओळखू येत नव्हती. अंग तांबूस, रेघा अशा निळ्या की रंगवल्यासारख्या. आणि दोघांच्याही अंगाला कसली तरी बारीक धूळ चिकटलेली दिसत होती. मी चष्मा पुसला. धूळ नव्हती, पिल्लं होती. ह्या जातीची पिल्लं पहिले काही दिवस आईबापाच्या अंगावरचा चिकट थर खाऊनच वाढतात, डॉक्टर सांगत होत्या. आई दमली की अंग झटकायची, आणि सगळा लवाजमा पोहत जाऊन बापाला चिकटायचा. पाणी अगदी मनासारखं झाल्याशिवाय हे मासे अंडी घालत नाहीत. त्यांच्या सरांकडे सहा वर्षांत जे झालं नव्हतं, ते इथे झालं होतं. सरांना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला होता, आणि त्यांनी पिल्लं मोजून सांगायला लावली होती.

"ताई," डॉक्टर म्हणाल्या, "माशांनी सांगितलं आता. लावा तो स्टिकर."

आम्ही मागच्या खोलीत गेलो. यंत्रावर स्टिकर सोललेल्या जागी एक गोल, चिकट डाग होता. ताईने बॅगेत हात घातला. वर्गात पन्नास मुलांसमोर रोज बोलणारा मी एकदाचा म्हणालो, "डॉक्टर, एक सांगायचं राहिलंय. त्या दिवशीची चूक ताईची नव्हती. ती थांबा म्हणत होती. स्क्रू मी बंद करायला लावला."

डॉक्टर हसल्या. "माहीत आहे मला, सर. मी दारातच उभी होते. त्यांनी तोंड वाकडं केलेलं पाहिलं, तुमचं भाषणही ऐकलं. आणि टाळी वाजवणारी मीच होते ना."

"मग तुम्ही काही बोलला का नाहीत?"

"मी वाट बघत होते. त्यांनी एकदा तरी तुमचं नाव घेतलं असतं, तर मी दुसरा मेकॅनिक बोलावला असता. नाही घेतलं, म्हणून निवांत राहिले."

ताईने स्टिकर जुन्या डागावर बरोबर बसवला, अंगठ्याने कडा दाबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चार महिने लागले, मास्तर? दाढ एका दिवसात निघाली होती तुझी."

मी काही बोलणार तेवढ्यात मघाच्या गर्दीतली एक बाई दारात डोकावली. तीच, त्या सोमवारची. "सर, आमच्याकडे पण फिल्टर बसवायचाय. ह्या तुमच्या ओळखीच्या ना?"

"माझी ताई आहे," मी म्हणालो. "सख्खी. मोठी." इतक्या मोठ्याने म्हणालो की बाहेरची दोन मुलं दचकून आत बघायला लागली. ताईने पदवी टांगली होती तेव्हा मला जे वाटायला हवं होतं, ते मला त्या दिवशी, त्या बेसिनजवळ वाटलं. अभिमान म्हणतात तो हाच.

ताई मात्र आपल्या रीतीला लागली होती. तिने पेला भरला, उभ्याने, डोळे मिटून घोट घेतला आणि म्हणाली, "बरंय." मग उरलेला पेला माझ्यापुढे धरला. "घे. काय लागतं सांग."

मी डोळे मिटले. जिभेवर पाणी धरून ठेवलं. किंचित गोड, आणि गोडाच्या मागे काहीतरी भरीव, अंग असलेलं. तेवीस वर्षं जे नसतं असं शिकवलं, ते होतं.

"चव आहे," मी म्हणालो.

"किती आहे?"

"ते तूच सांग."

"एकशे चाळीस," ताई म्हणाली.

मी मीटर पेल्यात बुडवलं. डॉक्टर वाकून बघायला लागल्या. एकशे त्रेचाळीस. दोघी माझ्याकडे बघत होत्या. मी मीटर झटकलं, पुसून टोपण लावलं आणि ताईच्या बॅगेत ठेवून दिलं.

"मीटर चुकतंय," मी म्हणालो.